सतरा नंबरचा हातोडा

लेकीला, मंजूषाला, मुलगी झाली ते दोन हजार पंचवीस साल. नातीच्या बारशाला आठवडा होतो न होतो तोच खंडेनवमी आली, आणि जंगल खात्यात नोकरीला असलेल्या अच्युतरावांनी खात्याचा सतरा नंबरचा हातोडा पूजेसाठी शिवाजी नगरच्या क्वार्टरमध्ये आणला. ज्याच्यावर पोट चालतं त्याची पूजा करावी, वडीलही करायचे. नियमाने मात्र तो एक रात्रही कार्यालयाबाहेर राहायला नको होता.

हातोडा साधासुधा नव्हे. खातं जंगल तोडतं ते मोजूनमापून. एका टापूची पाळी वीस वर्षांनी येते. कुठलं झाड जाणार, कुठलं बियाण्यासाठी राखायचं, ते ठरलं की जाणाऱ्या झाडावर या हातोड्याचा ठसा उठतो. पुढे ओंडक्यावर तो ठसा दिसला की नाक्यावरून गाडी सुटते.

दसऱ्याच्या सकाळी पाटावर नुसती फुलं होती.

"अगं, हातोडा उचललास का?" अच्युतरावांनी बायकोला विचारलं.

"उत्तरपूजा व्हायचीय, मी कशाला उचलू?" वंदनाताई थबकल्या. "काल तो लाकडाचा ठेकेदार पराग प्रसादाला आला होता. मी चहा टाकायला आत गेले..."

परागचा फोन बंद. गोविंदपुऱ्यातल्या त्याच्या आरागिरणीला कुलूप.

"रेंजर साहेबांना सांगून टाका," वंदनाताई म्हणाल्या.

"निवृत्तीला पाच महिने उरलेत. घरी बसवतील मला!"

"आणि तिकडे जंगल साफ झालं तर?"

त्यांनी तीनदा रेंजरांचा नंबर लावला, तीनदा घंटी वाजायच्या आत तोडला.

चार वाजता फोन वाजला तेव्हा ते दचकून उभेच राहिले. शहराबाहेरच्या नाक्यावरचा नाकेदार बाळू होता.

"राम राम साहेब! सागवानाचा ट्रक आलाय. ठसा तुमचाच, एकदम ताजा. पण ठशात कुंकू भरलंय! लाकडाचं लग्न लावलंत की काय?" तो खो खो हसला. "सोडू का?"

हातोडा चोरीला गेलाय, ती माणसं चोर आहेत, तू खोलीत जा आणि कडी लाव. एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"सोडू नको. मी येतोच."

"काही लफडं तर नाही ना?"

"नाही रे. कागद बघायचेत नुसते."

"मग काय टेन्शन! आडवा उभा राहतो. आपलीच तर माणसं आहेत."

अच्युतरावांनी स्कूटर काढली. रस्ताभर समोरून येणारा प्रत्येक ट्रक त्यांना तोच वाटत होता. एका वळणावर ते थांबले. बाळूला फोन लावला. घंटी वाजत राहिली, कुणी उचलला नाही.

नाक्याची आडवी बल्ली मोडून रस्त्यात पडली होती. बाजूला दहा-बारा माणसं उभी होती आणि कुणीतरी आपला गमछा पसरून टाकला होता.

नाकेदार बाळू दोन ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत, ट्रकखाली सापडून मेला.