नळीतून जाणारा भोपळा

म्हाताऱ्यानं भोपळ्याच्या टाळक्यात सुरा घातला, मनगट फिरवलं आणि त्याची उभी दोन शकलं केली. चाळीस वर्षं खाटकाचं दुकान चालवलेला माणूस. सुरा घालण्याआधी त्यानं भोपळ्याला थोपटून शांतसुद्धा केलं होतं. मग आतडी काढावीत तशा बिया ओरबाडून काढल्या. दाराशी पोरीला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या सुनेनं पोरीचं तोंड हळूच दुसरीकडे वळवलं.

आठ महिन्यांची पोर सहा दिवस प्रत्येक घास थुंकत होती. डब्यातलं थुंकली, आईनं केलेलं थुंकली, डॉक्टरांनी सांगितलेलं तर डॉक्टरांवरच थुंकली. सुनेची रजा उद्या संपत होती. पोर सांभाळायला घरात उरत होता हा म्हातारा, आणि नवऱ्याची ताकीद होती की पोर बाबांच्या हातात द्यायची नाही. कारण विचारलं की तो जबडा चोळायचा आणि पाणी प्यायचा.

सासऱ्याची कीर्ती तिच्या कानावर होती. गिऱ्हाइकाला त्यानं वजनात कधी मारलं नाही; मारलं ते हातानं. एकाला, मांस शिळं म्हणाला म्हणून. दुसऱ्याला, पहिल्याची बाजू घेतली म्हणून. तिसरा भांडण सोडवायला आला, त्याचं नाक अजून डावीकडे बघतं. दुकान मात्र उत्तम चाललं, कारण मांस खरंच ताजं असायचं.

भोपळा शिजला. म्हाताऱ्यानं तो चेचला, फडक्यात बांधला आणि कुणाचा गळा आवळावा तसा पिळला. असं तीनदा. मग सरबताची नळी वाटीत बुडवून ओढून पाहिली आणि समाधानानं मान हलवली.

"बाबा, ती चमच्यानं खाते. नळी कशाला?" सुनेनं विचारलं.

"सवय आहे," म्हातारा म्हणाला.

तेवढ्यात मुलगा कामावरून आला. नळी पाहून दारातच थांबला.

सोळाव्या वर्षी तो भर दुकानात म्हणाला होता, मी सुरा धरणार नाही. बापानं एकच ठोसा दिला. जबडा दोन ठिकाणी मोडला, दात तारेनं आवळून बांधले. आई आधीच घर सोडून गेलेली, शहाणी बाई. मग ज्यानं जबडा मोडला त्यानंच बेचाळीस दिवस शिजवलं, चेचलं, तीनदा गाळलं आणि नळीनं पाजलं. त्या काळात बापलेकांचा एकदाही वाद झाला नाही. एकाला तोंड उघडता येत नव्हतं आणि दुसऱ्याला उघडायचं धाडस नव्हतं.

मुलानं बोट बुडवून चाखलं. बराच वेळ गिळलंच नाही.

"पातळ झालंय," तो शेवटी म्हणाला. "तिचा जबडा शाबूत आहे, बाबा."

म्हाताऱ्यानं उकडलेला बटाटा कुस्करून वाटीत घातला. मुलानं ओट्यावरचा सुरा उचलून कपाटावर ठेवला. पोरीला मांडीवर घेऊन बापासमोर बसला. म्हाताऱ्यानं चमचा भरून पुढे केला.

"तो हात नको," मुलगा म्हणाला.

म्हाताऱ्यानं चमचा डाव्या हातात घेतला. त्या हाताला कसलीच सवय नव्हती. अर्धा घास पोरीच्या हनुवटीवर सांडला. उरलेला तिनं गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं.

वाटी संपेपर्यंत म्हातारा आपल्या उजव्या हातावर बसून होता.