पंचफुलाच्या ड्रॉवरातल्या पाच फ्लॉप्या

मानवतच्या कापूस खरेदी संघाचं मशीन खंडेनवमीला बंद पडलं, आणि त्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं हे मॅनेजर भगवानरावांनी दसऱ्याचं सोनं वाटता वाटताच ठरवून टाकलं. ऑपरेटर पंचफुला खिल्लारे तेव्हा मानवतात नव्हती. आईला घेऊन ती नागपूरला दीक्षाभूमीवर गेली होती. गैरहजर माणसाच्या डोक्याइतकं सोयीचं डोकं दुसरं नसतं.

ती परतली तेव्हा टेबलावर टाईप केलेला कागद तयारच होता. ‘रजेवर जाण्यापूर्वी मशीनची काळजी न घेतल्यामुळे’ वगैरे वगैरे, आणि खाली सहीपुरती मोकळी जागा. भगवानराव म्हणाले, सही करा, महिनाभर घरी बसा, पुढचं मी बघतो. विद्यापीठाच्या नामांतराचा विषय त्या साली पुन्हा तापला होता, त्यामुळे नागपूरहून आलेल्या बाईची बाजू घ्यायला ऑफिसात कुणी पुढं येणार नव्हतं. तिनं कागद वाचला आणि त्यावर पेपरवेट ठेवला.

मशीन म्हणजे संघाचा सर्व्हर. पालम आणि पोखर्णीच्या शाखा नंबर लावणाऱ्यांच्या रोजच्या नोंदी फ्लॉपीवर उतरवून एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायच्या. पंचफुला त्या मशीनमध्ये चढवायची, की चारही टेबलांच्या पडद्यांवर एकच यादी उमटायची. कापसाची कोणती गाडी आधी घ्यायची, ते ही यादी सांगायची. मशीन आलं म्हणून यंदा पाळीच्या चिठ्ठ्या देणंही बंद झालं होतं. खरेदी आज सुरू व्हायची होती आणि यादी गेली होती.

ती कशी गेली, हे तिनं सटवाजी शिपायाकडून काढून घेतलं. शहरातला इंजिनीअर नवा प्रोग्रॅम घेऊन आला. त्या दिवशी हत्यारांची पूजा. सटवाजीनं वजनकाटा पुजला, टाईपरायटर पुजला आणि इंजिनीअरच्या नव्या फ्लॉप्याही पाटावर मांडून पुजल्या. हात आधीच सढळ, त्यात वर्षाचा सण. पहिल्या दोन फ्लॉप्या मशीननं वाचल्या. तिसरीला करकर करून ते थांबलं. तोवर जुना प्रोग्रॅम यादीसकट पुसून झाला होता. आठ दिवसांनी दुसरा संच आणतो म्हणून इंजिनीअरनं सणाला घर गाठलं.

पंचफुलानं ती तिसरी फ्लॉपी उजेडाला धरली. मधल्या फटीत लालभडक कुंकू बसलं होतं. तिला हसू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

इतक्यात माणिकराव आत आले. हे अध्यक्षांचे मेहुणे. त्यांचे चार ट्रॅक्टर पहाटेपासून फाटकाला नाक लावून उभे होते, आणि त्यांच्या मागं तीन दिवस ताटकळलेल्या बैलगाड्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. यादी गेली ती गेली, आज फाटकात जो उभा त्याचा नंबर पहिला, बाई, घ्या लिहून, असं ते म्हणाले. भगवानरावांनी पेनसुद्धा पुढं केलं.

"मी न्हाई लिवनार," पंचफुला म्हणाली. "लोकायनी नंबर लावलेत. ते माज्या हातानं पुसले जानार न्हाईत."

तिनं कमरेची किल्ली काढून ड्रॉवर उघडलं. पूजेच्या दिवशी सटवाजी ऑफिसातल्या पंख्यालाही टिळा लावायचा, पण तिचं ड्रॉवर सोडायचा. तुमची पूजा तुमाला, माझं काम मला, असं तिनं मागंच सांगितलं होतं आणि त्यानंही ते पाळलं होतं. आत पाच फ्लॉप्या होत्या, स्वच्छ. दोन जुन्या प्रोग्रॅमच्या आणि तीन यादीच्या, रजेच्या आदल्या दिवशी बसून उतरवलेल्या.

भगवानरावांचा चेहरा उतरला. "जुन्या फ्लॉप्या पुसून परत करायचा हुकूम होता, बाई."

"होता. मी मानला न्हाई."

तिनं फ्लॉपीचा खण स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. बोळा लाल झाला, मग गुलाबी, मग पांढराच राहिला. एकेक फ्लॉपी ती घालत गेली. चौथीला मशीन अडखळलं. हीही गेली तर माणिकराव म्हणतील तीच यादी आणि भगवानरावांचा तोच कागद. ती हलली नाही. मशीन पुन्हा चालू लागलं. पाचवी झाली. टेबलावर पडून राहिलेली पालमची शेवटची फ्लॉपी तिनं चढवली, आणि चारही पडद्यांवर नावं उभी राहिली.

भगवानरावांना आता नवा मार्ग दिसला. तो कागद त्यांनी सटवाजीकडं सरकवला. कुंकू यानंच सांडलं ना, मग नाव याचंच घालू.

पंचफुलानं कागद मधूनच उचलला. "पूजेला तुमी सगळे हात जोडून उभे होतात, साहेब. कुंकू सगळ्यायचं हाय. पर जुनं पुसा या हुकमावर दस्तकत तुमची एकट्याची हाय. लिवायचंच तर ते लिवा." तिनं कागदाचे चार तुकडे केले. नोकरी जायची तर जाईल, असं तिच्या मनात आलं, आणि तेवढ्यानं तिला हलकं वाटलं.

प्रिंटरनं यादी ओकली. ती घेऊन पंचफुला स्वतः फाटकावर गेली. सटवाजी न सांगता यादी डकवायला खळीचा डबा घेऊन मागं आला. पहिला नंबर पालमच्या सरजाबाईचा, बैलगाडी एक. माणिकरावांचा सत्त्याण्णव.

मागोमाग आलेले माणिकराव म्हणाले, उद्या तू त्या खुर्चीवर दिसणार नाहीस.

"उद्याचं उद्या बगू," ती म्हणाली. "आज ट्रॅक्टर मागं घ्या. सरजामावशीची गाडी आत यायलीय."

ड्रायव्हर कुणाचं ऐकावं म्हणून बघत राहिला. गाडीवान एकेक करून खाली उतरले आणि तिच्या मागं येऊन उभे राहिले, त्यांच्यात खळीचा डबा हातात घेतलेला सटवाजीही होता. मग ट्रॅक्टर सुरू झाला आणि मागं सरकायला लागला.