तोंडावरचं टोपण

मी एक झडप बोलतेय. बॉनेटखालच्या अंधारात, दोन रबरी नळ्यांच्या मध्ये माझं बिऱ्हाड. तुम्ही मला पाहिलं नसेल, ऐकलं मात्र असेल.

जन्म कारखान्यातला, पण संसार मांडला तो या जुन्या मोटारीत. मालक मेकॅनिक. त्याने हौसेने इंजिनाला सुपरचार्जर बसवला, म्हणजे पट्ट्यावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा. मालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनाचं दार मिटतं आणि कोंबलेली हवा मध्येच अडकते. तिला बाहेर सोडणं माझं काम. मी सोडायचे, अगदी मनापासून. फुस्स!

"गाडी आहे की नाक शिंकरणारा म्हातारा?" मालकाची आई म्हणाली. "या घरात आवाज चालायचे नाहीत." हे दुसरं वाक्य तिने नव्या सुनेकडे बघत म्हटलं. ती बिचारी आधीच भांडीसुद्धा श्वास रोखून ठेवायची.

मालक आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याने माझ्या तोंडावर टोपण बसवून वरून क्लिप आवळली. "झालं शांत," म्हणाला. आवाज थांबला की दुखणंही थांबलं, असं माणसं धरून चालतात.

आता त्याने पाय काढला की हवा माझ्यावर येऊन आदळे. मी तिला कुठे पाठवणार? नळ्या टम्म फुगत.

"अहो, पुढे काहीतरी धडधडतंय," शेजारी बसलेली सून म्हणाली.

"माझं काळीज असेल. तू शेजारी बसलीस ना."

पुढच्याच उतारावर नळी धाडकन निसटली. गाडी भर रस्त्यात ठप्प. मालकाने बॉनेट उघडलं, पाना घेतला. "आणखी घट्ट आवळतो."

"आवळू नका!" रस्त्यावरची माणसं वळून बघू लागली. सून स्वतःच दचकली, मग हळू म्हणाली, "हवेचा आवाज बाहेर चालत नसेल तर तिला आत वाट द्या. पण वाट द्या."

मालकाने ऐकलं. टोपण निघालं आणि माझ्या तोंडापासून पंख्याच्या तोंडापर्यंत नळी आली. सोडलेली हवा परत आतच जाते. काही फुटत नाही, कुणाची झोप मोडत नाही.

सून संध्याकाळी गाडी पुसायला येते. आत बसते, काचा वर करते आणि दिवसभराचं बोलून घेते. सासूबाईंची नक्कल तर हुबेहूब. इंजिन बंद असतं, मला शब्दन्शब्द कळतो. ते सगळं बंद गाडीत फिरून तिच्याकडेच परत येतं.

या नळीची मी सवय करून घेतलीय. पण बाई, तुझ्या हाताशी काच खाली करायचं हँडल आहे. एकदा फिरवून तर बघ.