न केलेल्या वेल्डिंगची कबुली

प्रारंभीच नमूद करणे मला कर्तव्य वाटते की, माझे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले असून पुढे ताऱ्यांविषयी जे काही लिहिले आहे ते आमच्याकडील संशोधिका बाईंकडून ऐकलेले आहे. वेल्डिंगविषयीचे मात्र माझे स्वतःचे आहे.

गेली एकोणीस वर्षे मी एका रेडिओ दुर्बिणीवर मिस्त्री म्हणून रोजंदारीने काम करीत आहे. ही दुर्बीण म्हणजे लोखंडी जाळीची भली थोरली थाळी होय. तिची बेअरिंगे, दाते, वंगण व सांधे यांची जबाबदारी मजवर आहे. रेडिओ लहरींना दिवस-रात्र सारखेच असल्यामुळे आमचे निरीक्षण भर उन्हातही चालते. निरीक्षण चालू असता वेल्डिंग करावयाचे नाही, असा तेथील कडक नियम आहे. कारण ठिणगीचा गोंगाट थेट दुर्बिणीत शिरतो. वेल्डिंग यंत्राची किल्ली फळ्यावर टांगलेली असते आणि ती घेणाऱ्याने नोंदवहीत वेळ लिहून सही करावयाची असते.

ज्या आठवड्याची ही हकीकत, त्या आठवड्यात, सहा महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या संशोधिका बाई एका अतितप्त ताऱ्याचे निरीक्षण करीत होत्या. सलग तीन दिवस त्या ताऱ्याच्या रेडिओ लहरींचा गतवर्षीच्या तिप्पट आवाज आला. चौथ्या दिवशी मुख्य साहेबांनी मला बोलावून घेतले. त्यांच्यापुढे टंकलिखित पत्र तयार होते.

“बसा मिस्त्री. तीन दिवस वेल्डिंग चालू होतं ना?”

“नव्हतं साहेब. नोंदवही बघा.”

“नोंदवही तुम्हीच लिहिता.”

“किल्लीही मीच घेतो. म्हणून तर सांगतोय.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. ते वाईट गृहस्थ नव्हेत. पूर्वी आमच्या संस्थेने मोठ्या थाटात एक शोध जाहीर केला होता व तो अखेरीस कँटीनमधील फ्रीजचा आवाज निघाला होता. तेव्हापासून अन्य संस्थांतील मंडळी आम्हास ‘फ्रीजवाले’ म्हणतात. ती नामुष्की साहेबांच्या अंगावर अद्याप ताजी होती.

“चुकून झालं असेल हो,” ते म्हणाले. “एक ओळ आहे. सही करा, ते तीन दिवस रद्द करू, विषय संपला. तुम्हाला कायम करायचा कागदही उद्याच वर जातोय. दोन्ही एकदम जाऊ देत.”

कायम होणे म्हणजे काय, हे माझ्या पत्नीच्या गुडघ्यास ठाऊक होते. कायम कामगाराच्या कुटुंबाची शस्त्रक्रिया संस्थेच्या दवाखान्यात होते. रोजंदाराच्या कुटुंबास मलम मिळते. मी विचार करतो असे सांगून उठलो.

घरी ती स्टुलावर पाय ठेवून भाजी निवडत होती. सर्व वृत्तांत ऐकून म्हणाली, “एका सहीचा एवढा विचार? लग्नाला हो म्हणताना तर घोटभर पाणीही प्यायला नाहीत.”

“न केलेलं केलं म्हणून कसं लिहून देऊ?”

“माझ्या बहिणीच्या स्वयंपाकाला चांगलं म्हणता तसं.”

मी हसलो, ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारले, “खरंच नव्हतं ना चालू? वंगणाच्या नादात विसरला असाल.”

या प्रश्नाने मला जे लागले, ते साहेबांच्या पत्रानेही लागले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नियंत्रण कक्षात जाऊन बाईंना विचारले, “तो तारा एवढा आवाज करतो तरी कशाला?”

त्यांनी समजावून सांगितले. तो तारा सूर्याच्या वीस-पंचवीस पट जड असून स्वतःच्याच प्रकाशाच्या रेट्याने स्वतःचा वायू बाहेर फेकतो. तो वारा एका सेकंदात दोन हजारांहून अधिक किलोमीटर धावतो. त्याच्या जोडीला दुसरा तसाच दांडगा तारा आहे व त्याचाही वारा आहे. दोन वारे जेथे एकमेकांस भिडतात तेथे वायू कोट्यवधी अंश तापून क्ष-किरण सुटतात, आणि त्याच टकरीतून रेडिओ लहरीही निघतात. क्ष-किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत. ते पाहण्यास अवकाशातील यान लागते.

“दोघे जवळ आले की टक्कर वाढते, काका. मला वाटतं तेच चाललंय. हे तीन दिवस टिकले तर यानाकडे वेळ मागता येईल.”

“मग साहेबांना सांगा की.”

“सांगितलं. ते म्हणतात, हा वेल्डिंगचा आवाज नाही हे दाखव. वेल्डिंगचा आवाज कसा दिसतो, हे इथे कुणी पाहिलंच नाहीये. नियमच आहे ना.”

मी तेथून निघालो व फळ्यावरील किल्ली काढली. नोंदवहीत सव्वाअकरा ही वेळ लिहून सही केली. जाताना बाईंना एवढेच सांगितले, “थाळी आधी ताऱ्यावर ठेवा, मग बाजूला फिरवा, मग परत आणा.”

“काका, निरीक्षण चालू आहे.”

“म्हणूनच.”

आणि थाळीच्या पायथ्याशी बसून, एकोणीस वर्षांत प्रथमच, भर निरीक्षणात मी पंधरा मिनिटे दोन भंगार लोखंडी पट्ट्या एकमेकींस जोडीत राहिलो. त्यांचा कशासही उपयोग नव्हता. सांधा मात्र उत्तम झाला.

आत आलो तेव्हा साहेब पडद्यापुढे उभे होते.

“हे काय केलंत?”

“वेल्डिंग, साहेब. आज केलंय.”

“नियम माहीत नाही?”

“फळ्यावर मीच रंगवलाय.”

पडद्यावर माझ्या पंधरा मिनिटांचे काटेच काटे उभे होते. थाळी ताऱ्यावर असो वा बाजूला, ते हटत नव्हते. त्यांच्या शेजारी बाईंनी त्या तीन दिवसांची रेघ लावली होती. ती ताऱ्यावर येताच संथ चढत होती, तारा सुटताच उतरत होती, आणि तिला एकही काटा नव्हता. सातवी शिकलेल्या मनुष्यासही फरक दिसत होता.

साहेबांनी पडद्यावरील दोन्ही रेघांवरून बोट फिरवले. मग त्यांनी ते पत्र फाडले व म्हणाले, “तीन दिवस ठेवा. पण मिस्त्री, आजचं मला वर कळवावं लागेल. कायमचा कागद आता जाणार नाही, आणि काही दिवस घरीही बसावं लागेल.”

“कळवा. आजच्याची कबुली मी लिहून देतो. वेळही बरोबर आहे.”

आणि कोणी न मागता मी ती लिहून दिली. एवढ्या सुवाच्य अक्षरात मी आजवर काही लिहिले नव्हते.

घरी सांगितले तेव्हा पत्नी गुडघ्यास मलम चोळत होती. तिने विचारले, “किती दिवस घरी बसवलंय?”

“पंधरा.”

“आणि ते तीन दिवस?”

“ते राहिले.”

तिने डबीचे झाकण घट्ट लावले. “उद्या साहेबांकडे मीच जाते,” ती म्हणाली. “लंगडत जाते. एकोणीस वर्षं ज्यानं खोटं लिहिलं नाही तो माणूस कायम का नाही, हे मला तोंडावर सांगू देत.”

मी तिला अडविले नाही. सकाळी तिची चप्पल तेवढी पुसून ठेवली.