कावीळ झाली आणि आळ आला कॉफीवर

मी एक जुना पितळी कॉफी-फिल्टर आहे. पोटात कल्हई, अंगावर दोन पोचे, पण मान अजून ताठ! जन्म मद्रासकडचा, पहिल्या मालकांबरोबर जुईनगरला आलो. त्यांची बदली झाली, तेव्हा त्यांनी मला शेजारच्या विजयमालावहिनींच्या हाती दिलं. तेव्हापासून मी वहिनींच्या घरचा.

हे साताऱ्याकडचं चहाबाज घर, पण वहिनींचे यजमान दिनानाथदादा, त्यांना माझी गोडी लागली. दादा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पहाटे कप तोंडाला लावून म्हणत, "वा! आता गोणी हलकी लागंल." मला कोण आनंद व्हायचा!

चौऱ्याण्णव साली दादांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले. कावीळ! त्यांच्या आई बयाबाई माझ्यावर कडाडल्या, "ही कॉपी लई उष्ण. हिनंच माझ्या लेकाचं काळीज जाळलं." झालं! चोर सोडून संन्याशाला फाशी. माझी रवानगी माळ्यावर झाली.

मित्रांनो, खरं सांगू? दादा रोज संध्याकाळी मार्केटातल्या दोस्ताबरोबर, पोपटभाऊंबरोबर, दारू पिऊन येत. सगळ्यांना ठाऊक होतं, पण ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. मी वर धूळ खात होतो, दादा खाली अंथरुणात वाळत होते. मला माझ्यापेक्षा त्यांचीच काळजी वाटे.

एके दिवशी डॉक्टर सुनयनाबाई घरी आल्या. त्यांनी दादांचं पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काय काय पिता?"

"कॉपी, बाईसाहेब," बयाबाई लगबगीनं म्हणाल्या. "पण आता बंद केलीया."

वहिनींनी पदर मुठीत आवळला. "दारू पितात. रोज. आत्याबाई, मला काय बोलायचं ते बोला, पण मला माझा माणूस पायजे."

"कॉफीनं लिव्हर बिघडत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उलट कॉफी पिणाऱ्यांचं लिव्हर जरा बरं राहतं, असं काही पाहण्यांत दिसलंय. बरे झालात की दोन कप खुशाल घ्या. दारू मात्र थेंबभरही नको."

दादा हळूच म्हणाले, "म्हणजे सकाळची कॉपी आन् संध्याकाळची ती... फिट्टंफाट?"

"अजिबात नाही! दारूनं केलेली नासाडी कॉफी भरून काढत नाही. अजून प्यायलात, तर माझ्याही हातात काही राहणार नाही."

दादा हळूहळू बरे झाले. मग एका संध्याकाळी पोपटभाऊ दारात. "चल की दिन्या, जरा बसू."

दादांनी चपलेत पाय घातला. वहिनी चुलीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. वर माझा जीव टांगणीला लागला. दादांनी एकदा वहिनींकडे पाहिलं आणि चप्पल काढली.

"पोपट, तूच आत ये. आये, तो फिल्टर काढ."

बयाबाई स्वतः स्टुलावर चढल्या. त्यांनी मला चिंचेनं लख्ख घासलं. घासता घासता कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "चुकलं रं बाबा माझं."

मित्रांनो, भांड्यांना जपाच. पण घरात कुणी आजारी पडलं, तर भांडं माळ्यावर टाकण्याआधी खरं काय ते बोला. आमच्या वहिनी बोलल्या, म्हणून दादा आज समोर बसून कॉफी पीत आहेत.