दाजींना बोलायची मुभा होती

पाणबुडी वर आली तेव्हा उजाडत होतं, पण धुकं इतकं दाट की शेजारचा माणूस दिसेना. सुतारानं रबरी होडी पाण्यात सोडली. मागोमाग दाजी उतरले. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, लढाईआधी मुलांना पोहायला शिकवायचे. दोघं एकाच तुकडीत भरती झाले, तेव्हा ताईनं दोघांनाही चांगलंच फैलावर घेतलं होतं.

शत्रूच्या किनाऱ्यावर उतरायचं, गिरमिटानं वाळूत भोकं पाडायची आणि खालची माती पिशव्यांत भरून आणायची, एवढंच काम. वाळूखाली चिखल असला तर रणगाडे रुतणार होते. निघताना कर्नलसाहेबांनी बजावलं होतं, "आपलं सैन्य याच किनाऱ्यावर उतरणार आहे. जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही."

"मेव्हण्या," वाळूत गुडघे टेकून दाजी कुजबुजले, "खुर्चीचा पाय कधी सरळ बसवला नाहीस, आणि आता समुद्राला भोकं पाडतोयस."

सुताराला हसू आवरेना. गिरमिट वर आलं ते काळ्याशार चिखलानं माखून. एवढ्यात धुकं फाटलं. समोरच्या बांधावर शिपाई रांगेनं उभे होते, जणू वाटच पाहत होते. पहिलीच गोळी दाजींच्या मांडीत घुसली.

सुतार त्यांना ओढू लागला. त्यांनी त्याला लाथाडलं. "पिशव्या घेऊन जा! आपली पोरं रुतून मरतील इथं! जा म्हणतो ना, गाढवा!"

तो गेला. होडीतून त्यानं मागे पाहिलं, तेव्हा शिपाई दाजींना काखेत धरून उचलत होते.

मुख्यालयात त्यानं पिशव्या टेबलावर ठेवल्या. "साहेब, इथं उतरू नका. खाली सगळा चिखल आहे."

कर्नलसाहेबांनी पिशव्यांना हातही लावला नाही. "तो जिवंत सापडला त्यांना? नक्की?"

"हो साहेब."

"छान!" साहेबांचा चेहरा उजळला. दाजी जिवंत आहेत म्हणून साहेब खूश झाले, असं सुताराला वाटलं. त्यानं वर त्यांचे आभारही मानले.

पुढे सैन्य भलत्याच किनाऱ्यावर उतरलं. आपल्या पिशव्यांमुळेच बेत बदलला, या समाधानात त्यानं उरलेली लढाई काढली. लढाई संपल्यावर शत्रूच्या कैदेतून सुटलेला एक आचारी ताईकडे आला. तो दाजींच्या शेजारच्या कोठडीत होता. "रोज मारायचे," तो मान खाली घालून म्हणाला. "सैन्य कुठे उतरणार, एवढंच विचारायचे. ते बोलले नाहीत. शेवटी मारातच गेले." ताई रडली, पण ताठ बसून रडली.

मग एके दिवशी सुतार कारखान्यात दाराला रंधा मारत होता आणि रेडिओवर कर्नलसाहेबांची मुलाखत लागली. साहेब रंगात आले होते. "तो किनारा म्हणजे निव्वळ हुलकावणी! आमची माणसं येणार ही बातमी आम्हीच शत्रूच्या कानावर घातली. एक जण सापडला. मार पडला की बोलेल, शत्रू फसेल, असा हिशेब होता. पण तो पठ्ठ्या बोललाच नाही! शेवटी दुसरी युक्ती काढावी लागली." मुलाखत घेणारा खो खो हसला.

सुताराच्या हातातला रंधा रेडिओवर बसला.

तो तसाच, भुसा अंगावर घेऊन, ताईकडे गेला. तिनं सगळं ऐकलं, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल."

कर्नलसाहेबांनी दोघांना बसायला सांगितलं. ताई बसली नाही.

"त्यांना बोलायची मुभा होती, हे त्यांना का नाही सांगितलंत?"

"बाई, सांगितलं असतं तर ते नाटक वाटलं असतं. तुमचे यजमान देशासाठी गेले, अभिमान बाळगा."

"देशासाठी त्यांनी बोलायला हवं होतं, असं तुम्हीच म्हणता ना? मग ते मेले कशासाठी?" तिचा आवाज चढला. "तुम्ही तोंड उघडू नका म्हणालात म्हणून! तुमच्या खोट्यासाठी मेला माझा नवरा!"

साहेबांनी पहारेकऱ्याला बोलावण्यासाठी घंटी दाबली. सुतारानं टेबलाची कड धरली आणि दौत, टेलिफोन, चहाच्या कपासकट ते साहेबांच्या अंगावर उलथवलं. पहारेकऱ्यांनी त्याला खाली पाडलं, तरी तो ओरडत होता, "मी आभार मानले तुमचे! आभार मानले!"

त्याला तुरुंगवास झाला. साहेबांच्या पायाला पट्टी बांधावी लागली, आणि पुढे त्यांना बढतीही मिळाली.

ताई मात्र रोज सकाळी भरती कार्यालयाच्या दारात उभी राहू लागली. पहारेकरी हाकलायचे, ती रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभी राहायची. आत जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून दाजींची हकिकत सांगायची, एकही शब्द न गाळता. काही जण तिला वेडी म्हणायचे. काही जण ऐकून घ्यायचे आणि तरीही आत जायचे. एखादा मात्र तिथूनच घरी परतायचा.