अर्ज क्रमांक चौदा

वर्ध्यात एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत ज्योत्स्ना देवतळेने २००६ साली बांधकामवाल्यांसाठी नोकरीची वेबसाइट सुरू केली. तिचा स्वतःचा सिव्हिलचा डिप्लोमा झाला होता. तीन ठेकेदारांकडे ती कामाला लागली आणि तिघांनीही तिला ऑफिसात बसवून पत्रं टाइप करायला लावली. त्यामुळे तिचं टायपिंग चांगलं झालं, आणि ठेकेदारांना चांगली माणसं का मिळत नाहीत तेही कळलं. ते ओळखीच्या माणसाला विचारत, आणि ओळखीचा माणूस आपला मेहुणा पाठवत असे.

वेबसाइटचा नियम साधा होता. ठेकेदाराने काम सांगायचं, इंजिनिअरने आपल्याला काय येतं ते फॉर्मवर भरायचं. दोघं भेटायला तयार होऊन समोरासमोर येईपर्यंत कोणाचं नाव कोणाला सांगायचं नाही. गाव लहान. सकाळी कोणी दुसरीकडे अर्ज केला तर दुपारच्या चहापर्यंत मालकाला कळत असे.

आठ महिन्यांत दोघांना नोकऱ्या लागल्या. त्यातला एक चार दिवसांनी परत आला.

मग मधुकरराव चिंतलवार जिना चढून आले. घरचा धंदा सरकीचा, पण पंधरा वर्षांपासून ते बांधकामाची कामं घेत होते. सध्या आंजी रस्त्यावर एका कॉलेजचं तीन मजली होस्टेल चालू होतं.

"साइट इंजिनिअर पायजे," ते म्हणाले. "एकट्यानं बिल्डिंग उभी करणारा."

"सध्या कोणी नाही का, काका?"

"आहे ना. आठ वर्षांपासून आहे. पण लय हळू. त्याले मालूम नाई पडलं पायजे."

ज्योत्स्नाने नियम समजावून सांगितला. मधुकररावांना तो आवडला.

जाहिरात टाकल्यावर नऊ दिवसांत एकतीस अर्ज आले. एकाने लग्नासाठी केलेला बायोडाटाच जोडला होता, रास आणि गोत्रासकट. कामाचा अर्ज चौदावा निघाला. पदविका, सतरा वर्षांचा अनुभव, त्यातली नऊ वर्षं धरणाच्या कामावर. लोखंडाचे, म्हणजे स्लॅब-कॉलममधल्या सळयांचे, नकाशे वाचता येतात, काँक्रीटची तपासणी येते. नोकरी सोडण्याचं कारण या रकान्यात लिहिलं होतं : 'बोलणे होत नाही.'

ज्योत्स्नाने नाव आणि सध्याच्या कामाचा रकाना खोडून तो कागद मधुकररावांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"हाच पायजे. लोखंडाचा नकाशा वाचाले मी नागपूरहून माणूस बोलावून राह्यलो. याले कुठून काढला तुम्ही?"

अर्जदाराचं नाव केशव भोयर होतं आणि सध्याच्या कामाच्या रकान्यात त्याने आंजी रस्त्यावरचं होस्टेल लिहिलं होतं.

दोन दिवस ती विचार करत राहिली. सांगावं तर नियम मोडतो, न सांगावं तर दोघांना खड्ड्यात ढकलल्यासारखं होतं. शेवटी तिने दोघांनाही वेगवेगळा फोन करून एकच वाक्य सांगितलं : समोरचा माणूस तुमच्या ओळखीचा आहे, तरी भेटायचं का?

मधुकररावांना वाटलं, एखाद्या प्रतिस्पर्ध्याचा इंजिनिअर असावा. ते लगेच हो म्हणाले.

"मॅडम, ओळखीचा असला तर बरंच आहे," केशव म्हणाला. "बुधवारी येतो. दाताचं सांगून सुट्टी घेतो."

बुधवारी केशवने सुट्टी मागितली तेव्हा मधुकररावांनी ती चटकन दिली. त्यांनाही त्या दिवशी साइटवरून निघायचंच होतं.

केशव आधी पोचला. इस्त्रीचा शर्ट, हातात सर्टिफिकेटांची फाइल. दहा मिनिटांनी जिन्यावर मधुकररावांची पावलं वाजली. ती त्याने ओळखली असावी, कारण मधुकरराव दारात येण्याआधीच तो उभा राहिला होता.

मधुकररावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग ज्योत्स्नाकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"दात कसा आहे?"

"बरा आहे, शेठ."

दोघंही उभेच होते. ज्योत्स्नाने खुर्च्या पुढे ओढल्या.

"मी फॉर्मवरचेच प्रश्न विचारते," ती म्हणाली. "सगळ्यांना विचारते तेच. बसा."

ते बसले.

"भोयर साहेब, सध्याची नोकरी काऊन सोडता?"

केशवने फाइल मांडीवर सरळ केली. "मी रेती परत पाठवतो. मातीची असते म्हणून. मी जेवाले गेलो की मालक तीच रेती उतरवून घेते. मग मजूर माह्यं ऐकत नाई. मजुरांसमोर मले 'ए केशव' म्हणते. माह्यं वय बेचाळीस आहे."

ज्योत्स्नाने ते लिहून घेतलं. "काका, जुना माणूस काऊन बदलता?"

"हळू आहे," मधुकरराव भिंतीकडे पाहत म्हणाले. "कॉलमच्या सेंट्रिंगच्या फळ्या दोन-दोनदा खोलाले लावते."

"काऊन लावते?" केशवने विचारलं.

मधुकररावांना उत्तर माहीत होतं.

"कॉलम ओळंब्यात नसते म्हणून."

खाली झेरॉक्सचं मशीन चालू झालं. ते थांबल्यावर मधुकररावांनी फाइल मागितली. आठ वर्षांत ती त्यांनी पाहिली नव्हती. केशव एका ओव्हरसियरच्या शब्दावर कामाला लागला होता. त्यांनी एकेक कागद उलटला. धरणाच्या दाखल्यापाशी ते थांबले.

"तू धरणावर होता?"

"नऊ वर्षं."

"मले सांगतलं नाई कधी."

"तुम्ही विचारलं नाई, शेठ."

मधुकररावांनी फाइल बंद केली, पण परत दिली नाही.

"नकाशे तू पाहाशीन?"

"पाहीन. पण परत गेलेली रेती परतच गेली पायजे. आणि हे कागदावर पायजे. मले आतापर्यंत नेमणुकीची ऑर्डर नाई भेटली."

"ताई, लिहा," मधुकरराव म्हणाले.

ज्योत्स्नाने तिथेच नेमणुकीचं पत्र टाइप करायला घेतलं. मध्येच लाइट गेली. तिघंही अंधाऱ्या खोलीत जवळपास तासभर बसून राहिले. केशवने होस्टेलच्या दुसऱ्या स्लॅबची एक अडचण सांगितली, मधुकररावांनी ऐकून घेतली. नंतर ज्योत्स्नाला वाटलं, खरी मुलाखत तीच होती. लाइट आल्यावर सह्या झाल्या आणि केशव दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्याच साइटवर रुजू झाला.

सगळं सुधारलं असं नाही. पहिल्याच आठवड्यात रेतीचा ट्रक आला. केशवने तो परत पाठवला आणि जेवायला गेला. मधुकरराव बराच वेळ फाटकाशी घुटमळले. मग बाहेर थांबून राहिलेल्या ट्रकच्या ड्रायव्हरला त्यांनी हात केला, परत जा म्हणून. त्या दिवशी ते केशवशी एक शब्द बोलले नाहीत. मजुरांसमोर 'ए' तोंडातून निघायचं, मग ते थांबून 'भोयर' म्हणायचे. मजुरांना काही दिवस वाटलं, साइटवर कोणी एभोयर नावाचा नवा माणूस आला आहे.

होस्टेल दीड वर्षात पूर्ण झालं. त्यानंतर केशवला चंद्रपूरकडे पुलाचं काम मिळालं, वेबसाइटवरूनच. या वेळी त्याने मधुकररावांना आधी सांगितलं. ते रागावले, दोन दिवस घरी बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी ज्योत्स्नाला फोन केला आणि केशवसाठी शिफारसपत्र टाइप करायला सांगितलं. मजकूर त्यांनीच सांगितला, चार ओळींचा. तिने तो वाचून दाखवला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "भोयरच्या नावाआधी श्री. लावजा."